लेप्टिनचे पेपर वाचायला घेतलेस? आधी एवढं बघ

लेप्टिन म्हणजे चरबीतून रक्तात येणारं, मेंदूला भूक आवरायला सांगणारं संप्रेरक. एका पेपरात त्याने वजन उतरतं, दुसऱ्यात ढिम्म फरक नाही, म्हणून गोंधळू नकोस. माझंही पहिलं वर्ष त्यातच गेलं. सुरुवातीला निष्कर्ष सोड, तीनच गोष्टी बघ.

इंजेक्शन कोणाला दिलं? १९९४ साली याचं जनुक सापडलं ते अशा लठ्ठ उंदरांमुळे, ज्यांच्यात लेप्टिन बनतच नव्हतं. तशीच जन्मजात उणीव असलेल्या मोजक्या मुलांची भूक इंजेक्शनने आटोक्यात आली. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही. भरल्या माठात आणखी ओतून काय होणार? हे दोन गट एकाच तागडीत तोलणं ही नवख्यांची हमखास चूक.

रक्त कधी घेतलं? लेप्टिन रात्री चढतं. एक-दोन दिवसांच्या उपासाने चरबी फारशी न घटताच झपकन उतरतं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त असतं, तेही धर.

नमुना कसा ठेवला? लेप्टिनसोबत बऱ्याचदा घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरकही मोजतात; त्याचं सक्रिय रूप तर नळीतच मोडतं. लगेच थंड करून आम्ल घातलं नाही, तर आकड्यावर विसंबू नकोस.

रिसेप्टरची (लेप्टिन पेशीवर ज्याला चिकटतं त्या प्रथिनाची) भानगड सध्या राहू दे. दहा पेपरांचा फक्त ‘पद्धती’ भाग वाच आणि समासात पेन्सिलने या तीन नोंदी कर.