गटात सांगितले तर गावभर होईल का?

मधुमेहींच्या गट-समुपदेशनाचे नाव काढले की रत्नागिरीच्या आसपास मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो: "चार लोकांत हे सांगायचे कसे? उद्या बाजारात तीच माणसे भेटणार." ही भीती खोटी नाही. म्हणूनच, ती सर्वांत स्पष्टपणे बोलून दाखवणाऱ्या ५४ वर्षांच्या एका काकूंविषयी, त्यांच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून, लिहीत आहे.

घरचे निजले की काकू दिवा न लावता फडताळातील आंबापोळीचा डबा उघडत, उभ्याउभ्याच भराभरा खात, पोट दुखू लागले तरी हात थांबत नसे, आणि शेवटी रिकामे प्लास्टिक कचऱ्याच्या तळाशी दडपून टाकत. आठवड्यातून दोन-तीनदा असे घडे. त्यांच्या मते हा निव्वळ हावरटपणा होता. वास्तविक, ताबा सुटून खाण्याचे असे प्रसंग तीन महिने आठवड्यातून किमान एकदा घडत असतील, तर तो आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे.

सकाळी साखर वाढलेली दिसली की प्रायश्चित्त म्हणून त्या दुपारपर्यंत उपाशी राहत, गोळी मात्र घेत. मला याचीच अधिक काळजी वाटली, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास साखर ७० च्या खाली उतरू शकते. दुपारी हातपाय कापत आणि रात्री पुन्हा तोच डबा.

गटात सहा जण होते. इथले बोलणे इथेच राहील आणि कोणाच्याही वजनाचा आकडा निघणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. काकू दोन बैठका गप्प होत्या. तिसऱ्या बैठकीत एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "फरसाणाची पिशवी मी गाडीतच संपवतो, हात धुतो आणि मगच घरात पाऊल टाकतो." काकूंनी मान वर केली. "हात मीपण धुते," एवढेच त्या म्हणाल्या. पण माझ्या खोलीत एकटीने बसून त्यांनी हे कधीच सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. दोन खाण्यांत चार तासांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही, हा गटाचा पहिला गृहपाठ. काकूंनी सकाळसाठी नाचणीची आंबील निवडली. मासळी बाजारात ते गृहस्थ एकदा खरोखरच समोर आले. दोघांनी सुरमईचा भाव विचारला आणि आपापल्या वाटेने गेले.

प्रसंग विरळ झाले, थांबले नाहीत. गणपतीनंतरच्या बैठकीत काकूंनी वही सर्वांसमोर उघडली. 'रात्री मोदक ७. सकाळी साखर २६४.' आणि त्याखाली: 'आंबील घेतली.'