वर्गात दोन शिक्षक, काम कोणाचं कोणतं?

प्रश्न: ऐरोलीतल्या एका शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे, पट ४६. एका मुलाला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा येऊन त्याला रिसोर्स रूममध्ये (विशेष शिकवणीच्या वेगळ्या खोलीत) नेतात. तिथे तो छान वाचतो म्हणतात, वर्गात मात्र जैसे थे. आमची भेट होते ती मस्टरवर सही करताना. काय करावं?

उत्तर: तुम्ही दोघी चांगलंच शिकवत असाल, पण वेगवेगळं शिकवताय. तिथली वर्कशीट निराळी, इथला पाठ निराळा. तिथे शिकलेलं इथे वापरायची वेळच त्या मुलावर येत नाही.

आधी मुख्याध्यापकांकडून आठवड्यातली एक तासिका मागून घ्या, दोघींना मोकळी असलेली, वेळापत्रकात छापलेली. ‘मधल्या सुट्टीत बोलू’ यावर भागवू नका. मधली सुट्टी डबे आणि भांडणं निस्तरण्यात जाते. त्या तासिकेत पाचेक मिनिटं त्याची वही बघा आणि बाकीचा वेळ पुढच्या आठवड्याच्या पाठाला द्या.

पाठातले त्याला अडतील असे ८-१० शब्द तुम्ही काढून द्यायचे. विशेष शिक्षिकांनी ते घ्यायचे, पण पाठ वर्गात सुरू होण्याआधी. बहुतेक शाळांत हे उलटं होतं. वर्गात फजिती झाल्यावर रिसोर्स रूममध्ये उजळणी होते, तोवर वर्ग पुढच्या पाठावर गेलेला असतो.

शब्दांचा क्रमही दोघींनी ठरवा. आधी द्वित्त (गप्पा, हल्ला), मग अर्ध्या अक्षराची सरळ जोडणी (पुस्तक, रस्ता), ‘र’ची रूपं सगळ्यात शेवटी. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो, उच्चार मात्र ‘य’च्या आधी. म्हणून अशी मुलं ‘सूय’ किंवा ‘सुयर’ वाचतात. विशेष शिक्षिकांनी रफारावर लाल खूण करायची सवय लावली असेल, तर तीच खूण तुमच्या फळ्यावरही हवी. फळ्यावर पिवळी आणि वहीत लाल, एवढ्या फरकानेही मूल गोंधळतं.

‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट कागदापुरतं. असं लिहा: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत न पाहिलेला ५० शब्दांचा उतारा स्वतः वाचेल आणि ५ पैकी ४ प्रश्नांची तोंडी उत्तरं देईल.’ दर पंधरवड्याला हे तपासायचं ते तुम्ही, तेही वर्गात. विशेष शिक्षिकांनी तपासलं तर प्रगती रिसोर्स रूमपुरतीच मोजली जाते.

दोन भेटींपैकी एक वर्गातच होऊ द्या. विशेष शिक्षिका मागच्या बाकांवर ५-६ मुलांचा गट घेतील आणि त्यात तोही असेल. वाचनात अडखळणारी आणखी मुलं ४६ मध्ये असणारच. दुसऱ्या भेटीसाठी त्याला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला उचलू नका. बहुधा तेवढ्याच दोन तासांना तो इतरांच्या बरोबरीने असतो.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत ताशी २० मिनिटं जादा मिळतात. तो वेळ वापरायची सवय घटक चाचणीपासून लावा आणि त्या वेळात पर्यवेक्षण कोण करणार हेही आधीच लिहून ठेवा. घंटा झाली की पेपर ओढला जातो, तो याच गोंधळात.

प्रश्न: आमची मुलगी स्वमग्न आहे, घोडबंदर रोडवरच्या शाळेत दुसरीत शिकते. शाळेच्या सांगण्यावरून शॅडो टीचर (वर्गात तिच्यासोबत बसून मदत करणाऱ्या बाई) ठेवल्या. आता वर्गातल्या बाई आमच्या मुलीशी बोलतच नाहीत, ‘तिला वही काढायला सांगा’ असं शॅडोंना सांगतात.

उत्तर: हा सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड. मुलगी शॅडोंचंच ऐकायला शिकते आणि त्या रजेवर गेल्या की दिवस वाया. सूचना वर्गशिक्षिकांनीच द्यायची, तीही तिचं नाव घेऊन, एका वेळी एकच. शॅडोंनी मनात दहापर्यंत मोजायचं. तेवढ्यात हालचाल नाही झाली तर चित्रकार्डाकडे बोट, त्यानेही नाही झालं तर हळू आवाजात शब्द, हाताला धरून करवणं अगदी शेवटी. बसायची जागा शेजारी नको, अर्धा बाक मागे हवी. कोणत्या सूचनेला किती मदत लागली हे शॅडोंनी रोज चार ओळींत लिहावं आणि ती वही शनिवारी वर्गशिक्षिकांनी वाचून सही करावी. शॅडोंचा पगार तुम्ही देत असलात तरी वर्गातलं काम त्यांना वर्गशिक्षिकांनीच सांगायला हवं.

पैशांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे. वाजवी सोयी आणि लागणारा आधार देणं ही त्यात संस्थेची जबाबदारी म्हणून येते. शाळेला लेखी पत्र देताना या कलमाचा उल्लेख करा.

प्रश्न: कळव्याच्या आमच्या शाळेत पहिलीत कानामागचं श्रवणयंत्र लावणारा मुलगा आहे. पावसाळा लागल्यापासून तो लक्ष देत नाही. स्पीच थेरपिस्टना भेटणं जमत नाही, त्यांच्याकडून काय मागवू?

उत्तर: मोठा अहवाल नको, अर्ध्या पानाची चिठ्ठी मागवा: कोणता कान बरा, बॅटरीचा नंबर कोणता, कोणते आवाज त्याला यंत्र लावून ऐकू यायलाच हवेत. रोज परिपाठानंतर त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक म्हणा. नेहमीच्या आवाजात, मधलं अंतर कमी-जास्त ठेवून. ऐकू आला की त्याने हात वर करायचा. कालपर्यंत ऐकू येणारे श, स आज गेले, तर आधी यंत्राच्या नळीत पाण्याचा थेंब आहे का बघा. दमट हवेत हे हमखास होतं. पालकांना रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगा. सहाही ध्वनी गेले तर बॅटरी बदला. नवीन झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी लागते, लगेच बसवली तर ती लवकर मान टाकते.