हातानं बनवलेल्या टेकडाऊन धनुष्याचं पातं वाकडं दिसतंय, तरी घ्यावं का?

बोल्ट उघडून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. (टेकडाऊन म्हणजे सुटं करता येणारं धनुष्य: मधे मुठीचा भाग, म्हणजे राइझर, आणि त्याला बोल्टनं जोडलेली वर-खाली दोन वाकणारी पाती.)

तुम्ही लिहिलंय की धनुष्य 60 इंची, 45 पौंड ओढीचं आहे, शिसवी राइझर दिसायला झकास आहे, पण दोरी चढवली की वरचं पातं डावीकडे कललेलं वाटतं आणि कारागीर म्हणतो, ‘वापरून वापरून बसेल.’ कोल्हापुरी चप्पल वापरून बसते. पातं बसत नाही, उलट ते अडकवायचं भोक आणखी ढिलं होतं.

(पातं म्हणजे लिम्ब. इथे इंदूरला घरात एकदा फोनवर ‘लिम्ब ढिलं झालंय’ म्हणालो, तर आई फ्रीजमधली लिंबं चाचपायला गेली. तेव्हापासून मी पातंच म्हणतो.)

मी धनुष्यं बनवत नाही. सांवेर रोडवर एका टूलरूममध्ये फिटर आहे, नेमबाजी हौसेची. माझं पहिलं टेकडाऊन अगदी तुमच्यासारखं होतं, फक्त खालचं पातं उजवीकडे. महिनाभर मी बाणांना शिव्या दिल्या. मग एका रविवारी पातं सोडवून डोळ्यासमोर धरलं, तर सरळसोट. घोळ बैठकीत होता, म्हणजे पातं राइझरवर जिथे टेकतं त्या जेमतेम अडीच इंचांत.

तिथे एक बोल्ट असतो आणि त्याच्याच रेषेत एक पिन, कुणी दोनही घालतात. बोल्ट पातं दाबून धरतो, पिन त्याला फिरू देत नाही. माझ्या पात्यातलं पिनेचं भोक मोठं पडलं होतं, बोल्ट जरा सैल केला की पातं अंगठ्यानं हलायचं. आता हिशेब बघा. बोल्टपासून पिन 40 मिमीवर आणि पात्याचं टोक 450 मिमीवर धरलं, तर पिनेपाशी अर्धा मिमी सरकलं की टोक साडेपाच मिमी सरकतं. दोरी पात्याच्या मधून जाणार कशी?

दुसरा दोष दिसत नव्हता. आम्ही कारखान्यात दोन पृष्ठभाग नीट टेकतात का ते बघायला ब्लू (निळा रंग) मारतो. लाकडाला ते फासलं तर कायमचं राहील, म्हणून कार्बन पेपर घेतला. शाईची बाजू राइझरकडे, वर पातं, बोल्ट हलकाच आवळला, उघडला. बैठक चांगली असेल तर सगळीकडे बारीक ठिपके उठतात. माझ्याकडे एका कोपऱ्यात काळा डाग आणि बाकी लाकूड कोरं. त्या कोपऱ्यात पॉलिशचा ओघळ वाळून बसला होता, मोहरीच्या निम्माही नसेल. पातं त्यावर डुगडुगत होतं. ओघळ ब्लेडनं खरवडला, लेथवर दोन जाडीची पितळी पिन काढली, एक टोक राइझरच्या भोकाच्या मापाचं, दुसरं पात्याच्या. काम तासाभराचं.

तुमच्याकडे दोष पात्यात आहे की बैठकीत, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. वरचं पातं खाली आणि खालचं वर लावा, स्ट्रिंगरनं (दोरी चढवायच्या साधनानं) दोरी चढवा आणि मागून बघा. फक्त बघा, खेचू नका. वाकडेपणा वरच राहिला तर दोष राइझरच्या बैठकीचा. तो पात्याबरोबर खाली गेला तर दोष त्या पात्याचा, मग तिथेही भोक ढिलं आहे की पातंच पिळलंय ते बघा. नंतर पाती पुन्हा जागच्या जागी लावा. ती अदलाबदल करून वापरायची नसतात, कारण खालचं पातं बहुधा किंचित ताठ ठेवतात. बाणाच्या वर एक बोट आणि खाली दोन धरून मारणाऱ्यासाठी दोरीपासूनचं अंतर वरच्या पात्यापाशी खालच्यापेक्षा 3 ते 6 मिमी जास्त असतं.

फॅक्टरीच्या आयएलएफ (पाती बसवण्याच्या एका प्रमाणित पद्धतीच्या) धनुष्यात पातं डावी-उजवीकडे सरकवायची सोय बहुधा असते, त्यामुळे असल्या भानगडी बऱ्याच दुरुस्त करता येतात. लाकडी राइझरला बोल्ट-पिनेची पाती असली की कारागिरानं ड्रिल जिथे मारलं तिथे गोष्ट संपली. झाबुआ-अलीराजपूरच्या भिलांच्या धनुष्यात हा प्रश्नच नाही, अख्खा बांबू, दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची. सांधा आपण घेतला तो पिशवीत मावावं म्हणून.

आणि हे पहिलंच धनुष्य असेल तर 45 पौंड कशाला? 25-30 ची पाती घ्या, पुढे त्याच राइझरवर जड पाती करून घेता येतात. मात्र हातकामाची पाती त्याच कारागिराकडे, तुमचा राइझर समोर ठेवूनच करून घ्या. टपालानं मागवलेली दुसऱ्याची पाती बसतील अशी आशा नको.

बोल्ट हातानं आवळा, मग पान्याचा थोडासा वळसा. जोर लावलात तर लाकूड दबतं. आणि मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका. पात्यात लाकूड आणि फायबरग्लासचे थर इपॉक्सीनं चिकटवलेले असतात, ते उष्णतेनं सुटतात.

तुमच्या सौद्याचं म्हणाल तर, पिनेचा किंवा बैठकीचा दोष निघाला तर कारागिराकडून समोर बसून दुरुस्त करून घ्या आणि धनुष्य घ्या. पातंच पिळलेलं निघालं तर नवं पातं मागा, आणि तो पुन्हा ‘बसेल’ म्हणाला तर उठून या.