मॅडन एनएफएल 25 घरात असताना 26 घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा की मॅडन 25, म्हणजे ईए कंपनीचा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम, घरात आहे, मुलाला फुटबॉलचं वेड लागलंय, आणि मित्र सांगतोय, ‘दरवर्षी तोच गेम असतो, फक्त खेळाडूंची नावं बदलतात.’ मग 26 साठी पुन्हा सत्तर डॉलर घालावेत का?

आधी त्या मित्राला विचारा, फ्रँचायझी मोडमध्ये, म्हणजे एक टीम वर्षानुवर्षं चालवायच्या भागात, एक तरी अख्खा सीझन खेळलायस का? माझी खात्री आहे, नसेल खेळलेला. हे वाक्य म्हणणारे बहुतेक लोक दोन मित्र जमले की ‘प्ले नाऊ’ लावतात, दोन मॅचेस खेळतात आणि मत देऊन मोकळे होतात. आमचे साडू त्यातलेच. दर ऑगस्टला नवा मॅडन आला की त्यांचा मला फोन येतो आणि हेच वाक्य ऐकावं लागतं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

साडू एडिसनला राहतात, म्हणजे न्यूयॉर्कच्या जायंट्स टीमवाले. आम्ही साउथ जर्सीत, नदीपलीकडे फिलाडेल्फिया, म्हणजे ईगल्सवाले. 2024 च्या मार्चमध्ये सेक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जायंट्स सोडून ईगल्सकडे आला. तेव्हापासून आमच्या दोन घरांत हा विषय निघाला की आवाज चढतात. आणि 26 च्या कव्हरवर नेमका तोच आहे, जॅग्वार्सविरुद्धच्या मॅचमध्ये समोरच्या खेळाडूवरून पाठमोरी उडी मारली होती ना, त्या पोझमध्ये. तेव्हा 26 बद्दल साडूंचं मत किती निःपक्षपाती असेल ते तुम्हीच बघा.

मी या देशात आलो तेव्हा मला फुटबॉल अजिबात कळत नव्हता. सोमवारी ऑफिसात सगळे रविवारच्या मॅचवर बोलायचे आणि मी कॉफीचा कप धरून उभा राहायचो. एका सहकाऱ्याने त्याचा मॅडन 16 दिला, ओडेल बेकहॅमचं कव्हर असलेला. त्यात स्किल्स ट्रेनर म्हणून एक भाग होता. कव्हर 2 म्हणजे मागे दोन सेफ्टी (सगळ्यात मागे राहणारे बचावपटू), कव्हर 3 म्हणजे मागे तिघं, कुठल्या कव्हरेजला, म्हणजे पास अडवायच्या मांडणीला, कुठे भोक पडतं, हे मी तिथे शिकलो. टीव्हीवरचे समालोचक हे सगळं तुम्हाला येतंच असं धरून बोलतात. मॅडनमध्ये चुकीचा प्ले (ठरवलेली चाल) निवडला की लगेच इंटरसेप्शन होतं, म्हणजे पास समोरचे पकडतात, आणि मग ते डोक्यात बसतं. क्रिकेटमध्ये फिल्डिंग लावलेली बघून पुढचा बॉल कसा येणार याचा अंदाज आपल्याला लहानपणापासून असतो. तशी नजर मला या खेळात मॅडनने दिली.

आता 2025 च्या फेब्रुवारीतला सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, घ्या. ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटीचे चीफ्स, आणि पार्टी साडूंकडे. वीसेक माणसं, एका टेबलावर विंग्ज, दुसऱ्यावर बटाटेवडे, मुलं गालिच्यावर. चीफ्सच्या पहिल्या दोन ड्राइव्हमध्येच (बॉल हातात असतानाच्या पाळ्यांत) ईगल्सचे पुढच्या फळीतले चौघं चीफ्सच्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे पास टाकणाऱ्या माहोम्सपर्यंत, पोचायला लागले होते. साडू ओरडत होते, ‘अरे ब्लिट्झ करा ना, अजून एक माणूस पाठवा, आत्ताच त्याला चिरडा!’ ते जायंट्सचे, पण चीफ्सचा त्यांना ईगल्सहून जास्त राग. मी ईगल्सच्या डिफेन्सच्या कोचबद्दल म्हटलं, ‘फँजिओ आज ब्लिट्झ करणार नाही बघा. चौघांवर काम होत असताना पाचवा कशाला पाठवायचा? पाचवा पाठवला की मागे एक माणूस कमी होतो, आणि माहोम्सला तेवढंच हवं असतं.’

साडू सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अहो, तुम्ही कधी मैदानात उतरलात? गेम खेळून कोणी कोच होत नाही.’

मी काही बोललो नाही. पुढे काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. हाफ-टाइमला 24-0. कूपर डिजीनने स्वतःच्या वाढदिवशी माहोम्सचा पास पकडून तो थेट टचडाउनपर्यंत नेला. माहोम्सला सहा सॅक, म्हणजे पास टाकायच्या आतच सहा वेळा पाडलं. मॅच 40-22 अशी संपली. दुसऱ्या दिवशी आकडे आले, तर फँजिओने अख्ख्या मॅचमध्ये एकही ब्लिट्झ पाठवलेला नव्हता. एकही नाही! मी तो आकडा साडूंना पाठवला. उत्तर आलं नाही.

मी काही ज्योतिष सांगितलं नव्हतं. फ्रँचायझीत मी स्वतः चीफ्सविरुद्ध इतक्यांदा खेळलोय की माहोम्सवर ब्लिट्झ पाठवल्यावर काय होतं ते मला तोंडपाठ आहे. त्यांचा पास पकडणारा ट्रॅव्हिस केल्सी मधल्या मोकळ्या जागेत उभा असतो आणि आपण डोक्याला हात लावतो. त्याच मॅचमध्ये चीफ्सने बार्कलीला रोखायला पुढे माणसं गोळा केली होती. त्याला पंचवीस वेळा बॉल घेऊन पळून 57 यार्डच मिळाले, सरासरी सव्वादोनच्या जवळपास. साडू खूश झाले, म्हणाले, ‘बघा तुमचा बार्कली!’ पण पुढे माणसं ओढली गेली की मागे जागा होते. ती जागा ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्सने वापरली आणि एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच झाला. हे गणित मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

जॉन मॅडनला हेच हवं होतं. तो आधी कोच, रेडर्सला सुपर बोल जिंकून देणारा. 1984 मध्ये ईएचा संस्थापक ट्रिप हॉकिन्स त्याच्याकडे गेमची कल्पना घेऊन गेला, तेव्हाच्या कॉम्प्युटरवर एका बाजूला सहा-सात खेळाडू दाखवणंच जमण्यासारखं होतं. मॅडनने साफ सांगितलं, अकरा विरुद्ध अकरा नसतील तर माझं नाव देणार नाही. त्यापायी पहिला गेम यायला 1988 उजाडलं. म्हणजे हा गेम जन्मापासूनच कोचच्या डोक्याने बनलेला आहे, आणि त्याला फक्त बोटांच्या वेगाचा खेळ समजणाऱ्यांना तो दरवर्षी सारखाच दिसणार.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. 26 मध्ये खरा बदल फ्रँचायझीत आहे. ‘वेअर अँड टेअर’ हा प्रकार आधी कॉलेज फुटबॉलच्या गेममध्ये आला होता, तो आता इथे आणलाय. प्रत्येक टॅकलची झीज खेळाडूच्या अंगात साठत जाते. रनिंग बॅकला ऑक्टोबरमध्ये मनसोक्त पळवलंत तर डिसेंबरमध्ये तो तुमच्या उपयोगाचा राहत नाही. 25 मध्ये दमणं होतं, दुखापत होती, पण आज दिलेल्या बॉलचा हिशोब दोन महिन्यांनी चुकता करावा लागत नव्हता.

हे किती खरं आहे त्याचं उदाहरण पुन्हा बार्कलीचंच. 2024 च्या सीझनमध्ये त्याचे 2,005 यार्ड झाले होते. एरिक डिकरसनचा 1984 चा 2,105 यार्डांचा विक्रम मोडायला 101 यार्ड हवे होते आणि एक मॅच शिल्लक होती. ईगल्सचा कोच सिरियानीने त्याला त्या मॅचमध्ये बाहेर बसवलं. साडू तेव्हाही म्हणाले होते, ‘काय भित्रा कोच आहे, हातातला विक्रम घालवला.’ प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) धरून बार्कलीचे एकूण 2,504 यार्ड झाले, एवढे एका सीझनमध्ये आजवर कोणाचेच नाहीत, आणि ईगल्सने कप नेला. आता 26 मध्ये सीझनच्या शेवटच्या आठवड्यात हाच निर्णय तुमच्या मुलाला घ्यावा लागेल. विक्रम की प्लेऑफ? घेऊ दे त्याला. मैदानाबाहेर बसून कोचला भित्रा म्हणणं सोपं असतं.

कोचचंही काम वाढलंय. तुमचा कोच ऑफेन्सचा, डिफेन्सचा की खेळाडू घडवणारा, ते निवडायचं आणि त्याच्या क्षमता हळूहळू वाढवायच्या. समोरचे कोच खऱ्या माणसांच्या सवयींप्रमाणे प्ले निवडतात, आणि क्वार्टरबॅकही आता एकाच साच्यातले वाटत नाहीत. लमार जॅक्सन दबावाखाली जे करतो ते जॅरेड गॉफ करत नाही, आणि हे हातात कंट्रोलर असताना जाणवतं. बर्फ पडायला लागला की दूरचे खेळाडू दिसेनासे होतात, मग लांब पास सोडून द्यावे लागतात. मला हे फार आवडलं. रात्रीच्या मोठ्या मॅचेसना टीव्हीवरच्यासारखं वेगळं रूप दिलंय, ते छान दिसतं, पण त्यासाठी कोणी सत्तर डॉलर देऊ नयेत.

अल्टिमेट टीमबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. तो फुटबॉल नाही. खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं विकत घ्यायची, आत कोण निघेल ते नशिबावर, आणि पुढच्या ऑगस्टला नवा मॅडन आला की जमवलेलं सगळं इथेच राहतं. पाकिटात माहोम्स निघाला म्हणून कव्हर 3 कळत नाही. साडूंचा मुलगा, माझा भाचा, गुणी आणि हुशार पोरगा आहे, पण वाढदिवसाचे पैसे तो त्यातच घालतो. साडूंना मी दोनदा सांगून पाहिलं की त्याला फ्रँचायझी लावून द्या, एक टीम दहा वर्षं चालवू दे, ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडू दे, कोणाला किती पैसे द्यायचे आणि कोणाला सोडायचं ते ठरवू दे. ते म्हणतात, ‘सगळं तेच आहे हो.’ नाही, तेच नाही. पाकिटं फोडणं आणि टीम बांधणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि वडिलांनाच तो दिसत नसेल तर मुलाला कुठून दिसणार?

‘दरवर्षी तोच गेम’ या म्हणण्यात तथ्य कुठे आहे तेही सांगतो. 2004 मध्ये ईएसपीएन एनएफएल 2के5 हा दुसऱ्या कंपनीचा गेम वीस डॉलरना बाजारात आला. मॅडन तेव्हा पन्नासचा होता, त्यालाही तीसवर उतरावं लागलं. त्याच डिसेंबरमध्ये एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगने, एकट्या ईएला परवाना दिला, आणि खऱ्या टीम्स व खऱ्या खेळाडूंचा मॅडनला टक्कर देणारा दुसरा मोठा गेम नंतर झालाच नाही. स्पर्धा नसली की सुधारणा रमतगमत येतात. 2020 मध्ये फ्रँचायझीकडे दुर्लक्ष होतंय म्हणून खेळणाऱ्यांनीच ट्विटरवर मोहीम चालवली, तेव्हा कुठे त्या मोडला हात लागायला सुरुवात झाली. त्या काळातल्या मॅडनबद्दल तुमचा मित्र बोलत असेल तर त्याचं ऐका. 26 बद्दल बोलत असेल तर ऐकू नका.

तर मुलगा फ्रँचायझी खेळणार असेल तर 26 घ्या. तो फक्त ऑनलाइन मित्रांशी खेळतो किंवा अल्टिमेट टीमच करतो, तर 25 पुरे आहे. सुरुवातीला ऑल-प्रो लेव्हल लावा, रुकी या सगळ्यात सोप्या लेव्हलवर काहीही केलं तरी जिंकता येतं. आणि एक नियम करा, प्ले निवडायच्या आधी समोरच्यांचे सेफ्टी किती मागे आहेत ते त्याने मोठ्याने सांगायचं. माझ्या लेकीला मी असंच शिकवलं. आज ती साडूंच्या घरी मॅच बघताना कुठलं कव्हरेज आहे ते सांगते आणि साडू तिला ‘कसं ओळखलंस गं?’ असं कौतुकाने विचारतात. मी तेच सांगितलं की मात्र ‘गेमवाले कोच’!

काही गोष्टी राहिल्या. मी पीएस5 वर खेळतो आणि ऑनलाइन जवळजवळ खेळत नाही, त्यामुळे ऑनलाइनबद्दल माझं मत धरू नका. 26 पीएस4 आणि जुन्या एक्सबॉक्स वनवर येत नाही, पीएस5, एक्सबॉक्स सिरीज, पीसी आणि स्विच 2 यांच्यासाठीच आहे, तेव्हा घरातला डबा कुठला ते आधी बघा. मुलाच्या खात्यावर खर्चाची मर्यादा शून्य करून ठेवा, म्हणजे पाकिटांचा प्रश्नच मिटतो. घाई नसेल तर थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबा, ब्लॅक फ्रायडेला मॅडनची किंमत बरीच उतरते. आणि तेवढंही थांबायचं नसेल तर ईए प्लेचं एक महिन्याचं सदस्यत्व घ्या, त्यात नवे गेम विकत घ्यायच्या आधी दहा तास खेळून बघता येतात. ते दहाही तास फ्रँचायझीत घाला, आणि मित्रालाही शेजारी बसवा.