लाघवी व्हायचं तर

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

बँकेत रुजू झालास, फार बरं वाटलं. साहेबांनी ‘जरा लाघवी हो’ म्हटलं आणि तू त्याचा अर्थ लोकांवर गारुड करणं असा घेतलास. तिथेच तुला थांबवतो.

गारुड हा शब्द गरुडावरून आलाय. गरुड सापांचा वैरी, म्हणून साप चावलेल्याचं विष उतरवायची विद्या ती गारुड, ती जाणणारा गारुडी. पुढे शब्दाला नजरबंदीचा अर्थ चिकटला. मोहिनीतही मोहच आहे, म्हणजे भान हरपणं. मुदत ठेवीचा फॉर्म भरणाऱ्या माणसाचं भान हरपून कसं चालेल?

लाघवाचं कूळ निराळं. लघु म्हणजे हलका, हलकेपणा ते लाघव. गुरू म्हणजे जड, त्यापासून गौरव झाला तसंच. हात सफाईनं चालला की हस्तलाघव. व्याकरणात लाघव म्हणजे थोडक्यात सांगणं. नागेशभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात म्हटलंय की अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो. हे नागेशभट्ट काशीत राहिलेले, पण आडनाव काळे, आपलेच! जुन्या मराठीत लाघव म्हणजे कसब, चातुर्यही. आज आपण लाघवी म्हणतो ते जीव लावणाऱ्या माणसाला. माझ्या मते त्यातही तो हलकेपणा शिल्लक आहे: अशा माणसाचं दडपण येत नाही.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आजी येतील. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून ठेवलेलं पासबुक काढायला त्यांना वेळ लागेल. लागू दे. ‘सही येत नाही का?’ असं रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं विचारू नकोस. शाईचं पॅड मुकाट्यानं त्यांच्या हाताजवळ सरकव, अंगठा उमटला की पुसायला फडकं दे. ‘आजी, झालं हं तुमचं काम’ एवढं पुरे. उगाच ‘माझ्या आजीसारख्याच दिसता’ वगैरे नको, म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं.

ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज किती कमी होईल, हे मात्र न विचारता सांगायचं, तेही सोप्या दोन वाक्यांत.

विमा गळ्यात मारायचा आग्रह होतो म्हणतोस, ते नीट सविस्तर लिही. त्यावर मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझा,
काका