पावसाळ्यात कोंबड्यांना अँटिबायोटिकऐवजी हळद-लसूण दिली तर चालेल का?

तुम्ही देवगडकडचे, साठेक गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळल्यात आणि विचारताय की दुकानदार देतो ती अँटिबायोटिकची पावडर सोडून हळद, लसूण, कडुनिंबावर पावसाळा निघेल का. पावडर खुशाल सोडा. आजार नसताना ती रोज पाण्यात टाकायचं कारणच नाही. युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद आहे. आपल्याकडे जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर २०१९ मध्ये बंदी आली. पण पावसाळा हळदीवर निघत नाही, तो कोंबड्यांखाली अंथरलेल्या कोरड्या तुसावर निघतो.

मी कुडाळला कोंबड्या पाळतो. हळद किलोभर खाद्याला पाच ग्रॅमच्या आसपास घालतो. त्यातलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही, पण आपल्याला काम आतड्यातच हवंय, त्यामुळे ते चालतं. सुटी पिवळीधमक पूड मात्र घेऊ नका, भेसळीचा धोका असतो. हळकुंडं आणून दळा. लसणीतलं अ‍ॅलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होतं. अख्खी उकळलीत तर होतच नाही. ठेचा, दहा मिनिटं तशीच ठेवा आणि त्याच दिवशी खाद्यात मिसळा. अंडी विकत असाल तर हात आखडता ठेवा, गिऱ्हाइकाला वास कळतो. ओव्यातलं थायमॉल हवेत उडून जातं, म्हणून तो लागेल तेवढाच भरडायचा. कडुनिंबाच्या मी फारसा वाटेला जात नाही. कडूपणाने कोंबड्या खाद्यावरून तोंड फिरवतात, मग वजन कसलं वाढणार? शेवग्याचा पाला सावलीत वाळवून दिलात तर उत्तम. त्यात प्रथिनं भरपूर असतात, औषध म्हणून नको, खाणं म्हणून द्या.

आता तूस. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी शिटेतून खाली पडतात आणि ऊब-ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगी होतात. जुलैत आपल्याकडे या दोन्हींना तोटा नाही. मूठभर तूस घेऊन दाबा: गोळा झाला तर ओलं आहे, हात उघडताच सुटलं तर ठीक. पाण्याच्या भांड्याभोवतालचं तूस आधी बघा, ते रोज काढून नवं टाका. पागोळ्यांचं पाणी आत उडत असेल तर झडी, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, लावा. बाटलीतल्या हर्बल टॉनिकचे पैसे मी त्या झडीवर घालीन. मक्याला बुरशीचा वास आला तर तो फेकायचा. हळद मिसळून खपवायचा नाही.

शिटेत रक्त दिसलं तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. त्यावर अँप्रोलियमसारखी औषधं आहेत, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत द्या.

मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, तर झाडपाल्याचा काही इलाज नाही, तिथे लसच. लासोटा ही त्यावरची लस पाण्यातून देणार असाल तर एक बघा: पावसात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकते आणि त्या क्लोरीनने लसीतला जिवंत विषाणू मरतो. टीसीएल न टाकलेलं पाणी घ्या, त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळा आणि मग लस घाला. त्या दिवशी पाण्यात हळद-लसूणही नको.