वाचक विचारतात : सिंड्रेलाचा तिसरा भाग आधी दाखवू का?

गेल्या अंकात आपण डिस्नेच्या परीकथांच्या कार्टून सिनेमांच्या पुढच्या भागांवर लिहिले होते. थिएटरऐवजी थेट कॅसेट-डीव्हीडीवर आलेले, समीक्षकांनी नाके मुरडलेले आणि तरीही चाहत्यांनी जपून ठेवलेले हे भाग. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यातली निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे.

मुलगी सात वर्षांची आहे. मूळ 'सिंड्रेला' तिने पंधरा वेळा तरी पाहिला असेल. दुसरा भाग लावला तर वीस मिनिटांत उठून गेली. तिसरा घेऊ की नको? – एक आई, नेरुळ

जरूर घ्या. मुलगी उठून गेली यात तिचा दोष नाही. २००२ चा दुसरा भाग हा सलग सिनेमा नाहीच, तीन सुट्या गोष्टी उंदरांच्या निवेदनाने एकत्र बांधल्या आहेत. पहिली राजवाड्यातल्या रीतिरिवाजांची, दुसरी जॅक उंदीर माणूस होतो ती, आणि तिसरी अनास्तासियाची. पहिल्या दोन सोडल्या तरी बिघडत नाही. तिसरी मात्र दाखवाच. त्यात सावत्र बहीण अनास्तासिया एका पाववाल्याच्या प्रेमात पडते आणि आईला ते पसंत पडत नाही. २००७ च्या 'सिंड्रेला ३ : अ ट्विस्ट इन टाइम'चे बी इथेच पेरले आहे.

तिसऱ्या भागाची कल्पना साधी पण पक्की आहे. परीची जादूची कांडी सावत्र आईच्या हाती लागते आणि ती काळ मागे फिरवते, काचेचा बूट घेऊन राजाचा माणूस दारात येतो त्या दिवसापर्यंत. बूट अनास्तासियाच्या पायात बसेल एवढा मोठा केला जातो. म्हणजे सिंड्रेलाकडे ना जादू उरते, ना पुरावा. या वेळी तिला स्वतः हातपाय हलवावे लागतात, आणि चाहत्यांचा जीव याच गोष्टीवर आहे. दुसरे कारण राजपुत्र. १९५० च्या सिनेमात त्याच्या वाट्याला मोजकी वाक्ये होती. इथे त्याला विनोदबुद्धी आहे, आणि खिडकीतून उडी मारण्याएवढा उतावळेपणाही आहे. उडीच्या त्या प्रसंगाला मुले हसतात, मोठेही हसतात.

पण खरी कमाई अनास्तासियाची. बूट घालून बसलेल्या या मुलीच्या चेहऱ्यावर एकदा लाज येते, एकदा आशा, आणि शेवटी तिला एक निर्णय घ्यावा लागतो. तो काय, हे लिहीत नाही. शेवटची नामावली चालू झाली की टीव्ही बंद करू नका. बाजूच्या चित्रांत पाववाला दिसतो, आणि दुसऱ्या भागातली ती गोष्ट आधी का दाखवायला सांगितली ते कळते.

सारांश, क्रम असा: मूळ सिनेमा, दुसऱ्या भागातली फक्त शेवटची गोष्ट, मग तिसरा भाग.

'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या नाताळच्या भागात राक्षस पुन्हा राक्षस कसा? शाप तर सुटला होता ना? – सानपाडा

तो पुढचा भाग नाही, मधला आहे. १९९७ चा 'द एन्चँटेड ख्रिसमस' पहिल्या सिनेमाच्या पोटातच घडतो: लांडग्यांच्या हल्ल्यानंतर, नायिका बेलला घरी जायची मोकळीक मिळण्याआधी. सुरुवात आणि शेवट तेवढे नंतरच्या नाताळातले आहेत. खलनायक म्हणजे भिंतीला पक्का बसवलेला पाइप ऑर्गन, फोर्ट. त्याला अभिनेते टिम करी यांचा आवाज आहे. बाकी पात्रे हाताने काढलेली, तो एकटा संगणकावर बनवलेला. तो वेगळ्याच दुनियेतून आल्यासारखा दिसतो, आणि इथे ते त्याला शोभूनही दिसते. पुढच्या वर्षीचा 'बेल्स मॅजिकल वर्ल्ड' मात्र मालिकेचे तुकडे जोडून केलेला आहे. २००३ च्या आवृत्तीत त्यात आणखी एक गोष्ट घातली म्हणून तो सुधारला असे नाही.

'अलादीन'च्या दुसऱ्या भागात जिनीचा आवाज बदलतो आणि तिसऱ्यात पुन्हा मूळचा येतो. डबिंगची गडबड आहे का? – कळवा

गडबड डबिंगची नाही, मूळ इंग्रजीतच ते तसे आहे. १९९२ च्या सिनेमात जिनीला अभिनेते रॉबिन विल्यम्स यांचा आवाज होता. आपला आवाज खेळणी आणि इतर माल विकायला वापरू नये अशी त्यांची अट होती. ती मोडली गेल्याचे त्यांचे म्हणणे पडले आणि बिनसले. १९९४ च्या 'द रिटर्न ऑफ जाफर'मध्ये आणि त्याच वर्षीच्या टीव्ही मालिकेत जिनी झाले डॅन कॅस्टेलानेटा, 'सिम्पसन्स'मधल्या होमरचा आवाज. पुढे डिस्नेने जाहीर माफी मागितली आणि १९९६ च्या 'किंग ऑफ थीव्ह्ज'ला विल्यम्स परतले.

'जाफर' हा डिस्नेच्या थेट कॅसेटवर आलेल्या कार्टून पुढच्या भागांतला पहिला. तो तुफान विकला गेला म्हणून बाकीचे निघाले. पण आवडता कोणता विचाराल तर तिसरा. त्यात अलादीनचा बाप सापडतो आणि तो निघतो चाळीस चोरांचा म्होरक्या. 'तिळा तिळा दार उघड' लहानपणी ऐकलेल्या कुणालाही ही जोडणी पटकन पटते.

मित्राने लंडनहून आणलेली डीव्हीडी आणि अमेरिकेतली डीव्हीडी, सिनेमा एकच. एकीवर गाणी किंचित चढ्या पट्टीत वाटतात. कानाचा भ्रम? शिवाय चित्र कधी ताणलेले दिसते. – संगीत शिकणारा वाचक, नौपाडा

कान बरोबर आहेत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ब्रिटनची डिस्क तिथल्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमची. तिथे सोपा मार्ग निवडतात: २४ चा सिनेमा २५ च्या वेगाने पळवतात. म्हणून तो साधारण ४ टक्के लवकर संपतो. ७४ मिनिटांचा सिनेमा ७१ मिनिटांत. आवाज वेगळा दुरुस्त केला नसेल तर पट्टीही चढते. पेटीवर सांगायचे तर पांढरी एकचे गाणे काळी एकच्या दिशेने जवळजवळ पाऊण वाट जाते.

उपाय संगणकावर आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये गती ०.९६ करा. पण तेवढ्याने पट्टी उतरणार नाही, कारण गती बदलली तरी सूर जागेवर ठेवायची सोय तिथे आधीपासून चालू असते. ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन 'टाइम स्ट्रेचिंग ऑडिओ'ची खूण काढा. मग गती आणि पट्टी दोन्ही मूळ जागी येतात.

अमेरिकी डिस्कची डोकेदुखी निराळी. ती तिथल्या टीव्हीच्या 'एनटीएससी' पद्धतीची, सेकंदाला सुमारे ३० फ्रेम. २४ चे ३० करायला काही फ्रेम अर्ध्या-अर्ध्या दोनदा दाखवतात. संगणकावर कॉपी करताना साधे 'डीइंटरलेस' (अर्ध्या चित्रांचे पूर्ण चित्र करणारी सोय) लावले तर दोन चित्रे एकमेकांत मिसळतात आणि हलत्या हाताला भुतासारखा दुसरा हात फुटतो. तिथे 'डीटेलिसिन' निवडायचे, म्हणजे मूळ २४ फ्रेम परत मिळतात. आणखी एक: डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी याचा क्रमांक म्हणजे रीजन. अमेरिकी डिस्क रीजन १, ब्रिटनची २, भारताची ५. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाचदाच बदलता येतो. पाचव्या वेळी जो असेल तो कायमचा. प्रयोग जपून करा.

चित्र ताणलेले दिसते ते टीव्हीमुळे. नव्वदच्या दशकातले बरेचसे भाग ४:३ च्या चौकटीत आहेत. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ४:३ निवडा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन करा. 'झूम' केलेत तर पात्रांचे कपाळ आणि पाय कापले जातील.

या पुढच्या भागांतले चित्र स्वस्त का वाटते, हे नेमके कशात दिसते? – ऐरोली

गर्दीत पाहा. मूळ सिनेमात बाजारातला शेवटचा माणूसही थोडा हलतो, इथे मागची माणसे रंगवलेल्या पडद्यासारखी थिजलेली असतात. एकच चित्र दोन फ्रेम धरणे, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे, हे मूळ सिनेमांतही चालतेच. पण झपाट्याच्या हालचालीला तिथे २४ काढतात, इथे तो खर्च वाचवलेला असतो. दुसरी जागा सावली. अंगावरची सावली वेगळा थर म्हणून काढावी लागते. ती गेली की चेहरा सपाट होतो. हे सगळे भाग मात्र एका मापाचे नाहीत. कंपनीच्या सिडनीतल्या स्टुडिओचे काम उजवे मानले जाते. 'लायन किंग'चा १९९८ चा दुसरा भाग तिथलाच आणि सिंड्रेलाचा तिसराही. तो स्टुडिओ २००६ मध्ये बंद झाला.

जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी पावसाळ्यात खराब झाल्या. पांढरे डाग आले आहेत, एकाच जागी अडकतात. टूथपेस्ट लावू का? – वाशी

टूथपेस्ट आधी नको. ती म्हणजे बारीक पॉलिश. डाग बुरशीचा असेल तर उपयोग शून्य आणि वर नवे ओरखडे.

डिस्क कडेने धरा. आधी फुंकणीने धूळ उडवा, कारण कण तसाच राहिला तर पुसताना तोच ओरखडा काढतो. मग वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, चष्म्याचे मऊ कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल अजिबात नाही. माहिती गोल रेघांत लिहिलेली असते. आडवा ओरखडा गेला तर प्रत्येक रेघेचा टिचभर भाग जातो आणि प्लेयर तो सावरून घेतो. रेघेच्या बरोबरीने गोल ओरखडा गेला तर लांबच लांब तुकडा एकदम जातो. शेवटचे पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे असते तेच. सावलीत वाळवा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावाल तर प्लॅस्टिक धुरकटून जाईल.

व्हीसीडीची छापील बाजू खालच्या बाजूपेक्षा नाजूक असते. माहितीचा थर तिथे लेबलच्या लगेच खाली, वर फक्त वार्निश. डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार आला तर तिथला थर गेलाच, कोणतेही पॉलिश तो परत आणणार नाही. डीव्हीडीत माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असते, म्हणून लेबलवरचा ओरखडा ती सोसते. मात्र डीव्हीडी वाकवून डबीतून ओढू नका. मधली खुंटी दाबा, मग उचला.

व्हीसीडी आजच वाचवून ठेवा. तिच्यातल्या चित्राला डेटा सीडीएवढी चूक-दुरुस्तीची सोय नसते, त्यामुळे ती आधी मरते. संगणकात घालून एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल कॉपी करा, व्हीएलसीत ती तशीच चालते. सगळ्याच डिस्क अडकत असतील तर दोष डिस्कचा नाही, प्लेयरची लेन्स पुसायला झाली आहे. आणि खाडीच्या हवेत कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तरी जूनमध्ये त्या बदला. ओल्या पुडीचा उपयोग नाही.

सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून हे दाखवता येतील का? – घोडबंदर रोड

घरच्या डिस्कवर नाही. ती घरगुती वापरापुरतीच असते, जाहीर प्रदर्शनाला हक्कधारकाचा परवाना लागतो.

नवे भाग का येत नाहीत? – कोपरखैरणे

२००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ही संगणकी कार्टून सिनेमांची कंपनी विकत घेतली आणि कार्टून विभागाची सूत्रे पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांच्याकडे गेली. त्यांना हे भाग मूळ सिनेमांची किंमत घालवणारे वाटत. २००७ मध्ये ते थांबवायचे ठरले. हातात असलेला 'एरियल्स बिगिनिंग' २००८ मध्ये आला आणि ही रांग तिथे संपली. हे भाग करणारा डिस्नेटून स्टुडिओ पुढे 'पीटर पॅन'मधल्या टिंकर बेल परीचे सिनेमे करत राहिला, २०१८ मध्ये तोही बंद झाला. 'सिंड्रेला ३' या निर्णयाच्या जेमतेम काही महिने आधी, फेब्रुवारी २००७ मध्ये बाजारात आला होता.